वरच्या मजल्यावरचे मिस्टर बुरेक

हेरॉन लेक्स, फ्लॉरिडा
१४ ऑक्टोबर

प्रिय बर्निस,

पोहोचलो एकदाचा. हे पत्र मी अर्ध्या चड्डीत, व्हरांड्यात बसून लिहितोय, आणि तेसुद्धा ऑक्टोबर महिन्यात! समोर तळं आहे, तळ्यात एक मगर आहे, आणि फ्लॉरिडात राज्याचा आयकरच नसल्यामुळे ती मगरसुद्धा एक छदाम देत नाही. तिकडे बफेलोत तू स्वेटरवर स्वेटर चढवायला सुरुवात केली असशील. मला तुझी कीव येते, पण ती करायला फार वेळ नाही, कारण नाश्ता झाला की पोहायला जायचं असतं.

फोन केला नाही म्हणून तू फुरंगटली असशील. त्याला कारण आहे. टटलसाहेबांनी, म्हणजे ज्यांच्या फुकट स्टेकच्या जेवणाला मी वसंतात गेलो होतो आणि ज्यांना तू 'स्टेकवाला' म्हणतेस त्यांनी, सांगितलंय की न्यू यॉर्क राज्याचे करवाले भलते चिवट असतात. माणूस खरंच राज्य सोडून गेला की नुसता कागदावर गेला, हे बघायला ते फोनची बिलंसुद्धा काढतात. हा गडी ऊठसूट बफेलोला बहिणीशी बोलतो म्हणजे याचं घर अजून तिथंच, असं म्हणून पुन्हा कर लावून मोकळे. तेव्हा यापुढे पत्रं.

माणसाच्या जिवाभावाच्या वस्तू कुठे आहेत तेही बघतात म्हणे. म्हणून लॉरेटाचा लग्नातला फोटो, अकॉर्डियन, बोलिंगचा चेंडू आणि बर्फाचं फावडं मी बरोबर आणलंय. फावड्याला हसू नकोस. बत्तीस हिवाळे आम्ही एकत्र काढलेत.

आता अवघड गोष्ट. आपलं घर. खालचा मजला तुझा आणि वरचा माझा असं बाबांनी ठेवलं, ते ठीकच झालं. पण मला हवं तेव्हा जाऊन राहता येईल असं बिऱ्हाड न्यू यॉर्कात रिकामं दिसलं, की करवाल्यांच्या हातात कोलीत. तेव्हा वरचा मजला कुणा परक्याला भाड्याने दे. लवकर दे.

वाचलेल्या करातून मी छोटी होडी घेणार आहे. नाव लॉरेटा.

तुझा,
चेस्टर


बफेलो
२७ ऑक्टोबर

प्रिय चेस्टर,

पोस्टमनने तुझं पत्र हातात दिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी गेलं. हल्ली पत्र लिहितंय कोण?

म्हणजे करखात्याने तुझ्यामागे माणसं सोडलीत तर. अरे, तू महापालिकेच्या पाणीखात्यात पाइप जोडून निवृत्त झालास, तेलाच्या विहिरी विकून नाही. करवाल्यांना तुझा पत्ता शोधायचा झाला तर त्यांना आधी तुझं नाव शोधावं लागेल. एका स्टेकच्या तुकड्यावर माणूस किती घाबरू शकतो! स्टेक निदान नीट भाजलेला तरी होता का?

सगळे तुझी चौकशी करतात. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये नेहमीसारखं तळलेल्या माशांचं जेवण होतं. तुझ्या खुर्चीवर तुझ्या लाडक्या दोस्ताने, झिगीने, कोट टाकला, तो मी उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. तिथल्या मंडळींनी निरोपाला दिलेली समुद्रावरची छत्री तू उघडलीस का, असं विचारत होता. एवढं मोठं भाषण ठोकून गेलास ना, 'मित्रांनो, कराच्या जाचातून मी सुटलो' वगैरे. झिगी त्याची नक्कल फार छान करतो.

वरच्या मजल्याचं म्हणशील तर मला परका माणूस नको. चाळीस वर्षं तुझ्या बुटांच्या आवाजाला शिव्या घातल्या मी. पहाटे पाचला तू नळ सोडायचास आणि सगळ्या भिंती थरथरायच्या. आता काही वाजत नाही. तरी मी पाचला उठते आणि छताकडे बघत पडून राहते. असं आहे ते. लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

फावड्याला माझा नमस्कार सांग.

बर्निस


हेरॉन लेक्स
९ नोव्हेंबर

प्रिय बर्निस,

भावना वेगळ्या आणि कर वेगळा.

टटलसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, भाडेकरू मिळत नसेल तर घर विकणं उत्तम. आपल्या मावसबहिणीचा जावई डेल घरं विकायचा धंदा करतो, त्यालाही लिहून विचारलं. तो म्हणतो गिऱ्हाईक तयार आहे, पण पूर्ण घर हवंय, खालीवर दोन्ही. तुझ्यासाठी त्याने हमरस्त्याजवळची ज्येष्ठांची सदनिका बघून ठेवलीय. लिफ्ट आहे. भिंतीला धरायला दांडे आहेत. मंगळवारी कोणीतरी येऊन सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतं.

माझ्यावर चिडू नकोस. नाताळपर्यंत वरच्या मजल्यावर माणूस आला तर ठीक, नाहीतर डेलला हो म्हणावं लागेल. मी इथे येऊन एवढा खर्च केला तो काय न्यू यॉर्कला पुन्हा कर भरायला?

आणि तो स्टेक नीट भाजलेला नव्हता. पण फुकट होता.

चेस्टर

ता. क. छत्री उघडली. वाऱ्याने तळ्यात गेली. मगरीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.


बफेलो
२ डिसेंबर

प्रिय चेस्टर,

डेलला सांग, टाळ्या स्वतःच वाजव. भाडेकरू मिळाला.

मिस्टर बुरेक असं नाव आहे. एकटेच आहेत. वय बरंच, पण केस दाट. बोलतात फार कमी, पण तुम्ही बोलत असलात की मान तिरकी करून असं ऐकतात की माणसाला बोलावंसंच वाटत राहतं. जे वाढावं ते खातात आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ. पावलांचा आवाज म्हणून नाही. खालून हाक मारली की लगेच जिन्यात हजर. असा शांत, इमानी गृहस्थ या रस्त्यावर दुसरा सापडायचा नाही.

भाडं ठरवलंय तेवढंच. पोस्टाची मनीऑर्डर सोबत जोडलीय, दर महिन्याला येईल. तुझ्या स्टेकवाल्याला दाखव आणि घर विकायचं खूळ डोक्यातून काढ.

तुझं सामान मी हलवलेलं नाही. ते म्हणाले, राहू दे, मला काही लागत नाही.

बर्निस


हेरॉन लेक्स
१५ डिसेंबर

प्रिय बर्निस,

बुरेक? हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.

मालक या नात्याने मला काही गोष्टी विचारायला हव्यात. माझ्या आरामखुर्चीत बसतात का? रविवारच्या बटाटा भरलेल्या पिरोगी त्यांना देतेस का, आणि देत असशील तर कुठल्या हक्काने खातात? आणि पोस्टमन आला की ते अस्वस्थ होतात का? काही म्हाताऱ्यांना ती सवय असते.

इकडे सगळं झकास. फक्त इथली सोसायटी जरा कडक आहे. मी फावडं शोभेसाठी दाराशेजारी टांगलं, तर दंड. घराच्या दर्शनी भागावर 'ऋतूला न शोभणारी वस्तू' लावायची नाही म्हणे. नंतर संध्याकाळी व्हरांड्यात अकॉर्डियन वाजवलं, तर आणखी दंड. पोल्का नाचाची धून वाजवायला जगात परवानगी लागते हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. आता मी न्हाणीघरात, दार लावून वाजवतो. लॉरेटाचा फोटोही तिथेच नेऊन ठेवलाय, म्हणजे कोणीतरी ऐकायला असतं.

डेलला नाही म्हणून कळवलंय. तूर्तास.

नाताळच्या शुभेच्छा. मिस्टर बुरेकनाही, कानामागे खाजवून.

चेस्टर


बफेलो
८ जानेवारी

प्रिय चेस्टर,

सरोवरावरून बर्फ आला तो असा आला की दार उघडेना. मिस्टर बुरेक म्हणाले, फावडं कुठाय? मी म्हटलं, फावडं फ्लॉरिडाला हवा खायला गेलंय, न्हाणीघरात गाणं ऐकत असेल. शेवटी झिगीने येऊन वाट काढून दिली, म्हणजे मिस्टर बुरेकना मदत केली. पायरीवर माझा पाय जरा सरकला. काही नाही, गुडघा थोडा कुरकुरतो.

पोस्टमनचं तुला कसं कळलं? खिडकीत बसून त्याच्यावर डोळा ठेवून असतात. आरामखुर्चीत बसत नाहीत. तिच्याशेजारी जमिनीवर बसतात आणि दाराकडे बघतात. पिरोगी देते. तुझ्या वाटणीच्या उरतात, त्या काय फेकून देऊ?

फायर हॉलला हल्ली जात नाही. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलंय. एका अर्थी बरंच, झिगीची तीच ती नक्कल ऐकून कंटाळा आला होता.

तू कराचं कधीच नीट सांगितलं नाहीस. नक्की वाचतात किती? होडी आली का?

बर्निस

मनीऑर्डर सोबत आहे.


हेरॉन लेक्स
३ फेब्रुवारी

प्रिय बर्निस,

वाचतातच की. भरपूर वाचतात. फक्त ते हातात यायच्या आधी दुसरीकडे जातात.

म्हणजे बघ, माझ्या घराचा विमा उतरवणारी कंपनी राज्य सोडून पळाली. वादळांना भ्याली. मी ज्या राज्यात जीव मुठीत धरून पळत आलो, त्याच राज्यातून ती जीव मुठीत धरून पळाली, बहुतेक रस्त्यात आमची गाठ पडली असेल. नव्या कंपनीने तिप्पट सांगितले. गाडीचा विमाही बफेलोपेक्षा जास्त, कारण इथे सगळे माझ्या वयाचे लोक गाडी चालवतात. थंड हवेचं यंत्र रात्रंदिवस चालू. आणि आता सोसायटीचं पत्र आलंय की सगळ्या इमारतींची छपरं बदलायची, प्रत्येकाने आपला वाटा १ मेच्या आत भरायचा. आकडा लिहीत नाही, तुझा गुडघा आणखी कुरकुरेल.

होडी तूर्तास नाही. होडीचं चित्र घेतलंय.

पण तत्त्व बघ ना! मी आयकर देत नाही. सकाळी आरशात बघून मी स्वतःला सांगतो, चेस्टर, तू आयकर देत नाहीस. मग बरं वाटतं, दुपारपर्यंत.

गुडघ्याचं खरं सांग.

चेस्टर


हेरॉन लेक्स
१० मार्च

माननीय मिस्टर बुरेक यांस,
वरचा मजला, डुडझिक यांचे घर, बफेलो

सप्रेम नमस्कार. मी आपला घरमालक. आपली प्रत्यक्ष भेट नाही, तरी बहिणीच्या पत्रांतून आपली चांगली ओळख झाली आहे. आपण शांत, इमानी व चाटूनपुसून खाणारे आहात याचा मला आनंद वाटतो.

तथापि काही अडचणीमुळे मला माझा मजला परत लागण्याचा संभव आहे. आपण ईस्टरपूर्वी जागा खाली करू शकाल काय, हे कृपया कळवावे.

तसेच, बर्निस स्वतःबद्दल खरं काही लिहीत नाही, म्हणून आपणांस विचारतो. ती जिना चढू शकते का? गोळ्या वेळेवर घेते का? आणि शुक्रवारी संध्याकाळी ती घरात बसून नेमकं काय खाते?

आपला,
चेस्टर डुडझिक


बफेलो
१९ मार्च

श्री. डुडझिक यांस,

आपलं पत्र पोचलं. माझ्या हाताला लागलं असल्यामुळे बर्निसबाईंकडून लिहून घेत आहे. अक्षर ओळखीचं वाटल्यास नवल मानू नये.

बाईंची प्रकृती उत्तम आहे. जिना चढतात, पण कठडा धरून, आणि वर पोचल्यावर आपल्या आरामखुर्चीत थोडं बसतात. गोळ्या घेतात. शुक्रवारी सूप असतं. चौकश्या पुरे.

जागा खाली करण्याबद्दल माझी एक अट आहे. आपण किती पैसे वाचवले ते आधी सांगा. मीही निवृत्त माणूस आहे आणि महिन्यापूर्वी बाईंच्या कराच्या कागदांसाठी त्यांच्यासोबत वाचनालयात गेलो होतो. तिथे हिरवी नखं रंगवलेली एक मुलगी लोकांचे अर्ज फुकट भरून देते. बाईंनी सहज विचारलं, माझा भाऊ महापालिकेचा पेन्शनर आहे, त्याला न्यू यॉर्क राज्याचा आयकर किती बसत असेल? मुलगी म्हणाली, शून्य. बाई म्हणाल्या, नीट बघ, चांगलं पेन्शन आहे. मुलीने नीट बघितलं आणि म्हणाली, महापालिकेच्या पेन्शनवर राज्य कर घेतच नाही. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे केंद्राच्या म्हातारपणच्या पेन्शनवरही नाही. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने हिरव्या नखाने ओळ दाखवली.

मग आपण दरवर्षी भरत होतात तो कर कुठला? तो केंद्र सरकारचा, वॉशिंग्टनला जाणारा. तो फ्लॉरिडात चुकत नाही आणि चंद्रावर गेलात तरी चुकणार नाही. लॉरेटाबाई होत्या तोवर त्या अर्ज भरायच्या आणि तू खाली सही ठोकायचास, कधी वर बघितलंस का काय लिहिलंय? त्या गेल्यावर तू फक्त शेवटचा आकडा बघितलास आणि त्या स्टेकवाल्याच्या गळाला लागलास. तो सल्लागार नव्हता चेस्टर, घरं विकणारा दलाल होता! जो कर तुला कधी लागलाच नाही तो चुकवायला तू अख्खा देश ओलांडून गेलास, नि करवाले फोनची बिलं काढतील म्हणून पाच महिने मला तुझा आवाज ऐकू दिला नाहीस.

क्षमस्व. शेवटचा परिच्छेद बाईंनी माझ्या परवानगीशिवाय घातला आहे.

आपला,
बुरेक


हेरॉन लेक्स
३० मार्च

प्रिय बर्निस,

जुने कागद काढले. लॉरेटाच्या बारीक अक्षरात न्यू यॉर्कच्या रकान्यात दरवर्षी बँकेच्या व्याजावरच्या कराचे किरकोळ काही डॉलर आहेत. तेवढ्यात फायर हॉलमध्ये दोघांचं जेवण होईल, कोबीच्या कोशिंबिरीसकट. एवढाच काय तो न्यू यॉर्कचा जाच.

मग टटलच्या कचेरीत गेलो. तिथे पुन्हा स्टेकचं जेवण चालू होतं. माझ्या शेजारी न्यू जर्सीचा एक दातांचा डॉक्टर बसला होता, त्याला मी सगळं सांगितलं: विमा, छप्पर, फावड्याचा दंड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुमचं बरोबर आहे, पण माझे तीन दवाखाने आहेत, माझा कर खरा आहे.' त्याने कागदावर आकडे मांडून दाखवले. विमा आणि छप्पर धरूनही त्याला परवडतं, त्यात खोट नाही. माझं इथलं घर तोच घेतोय. मी दिले त्यापेक्षा कमी देतोय, पण छपराचा वाटा त्याच्या माथी. म्हणजे हिशेब मांडायला हवा होता तो त्याने आधी मांडला आणि मी नंतर, एवढाच फरक.

आता मिस्टर बुरेकबद्दल.

बर्निस, आपल्या कुत्र्याचं नाव मी विसरेन असं तुला वाटलंच कसं? स्टोव्हखाली झोपायचा, मान तिरकी करून ऐकायचा, आणि पोस्टमनची विजार फाडली म्हणून बाबांना त्याला नवीन घेऊन द्यावी लागली होती. तुझं २ डिसेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं की वर कोणी नाही. कोणी नाही हे कळल्यावर त्या रात्री मला इथे पहिल्यांदा शांत झोप लागली. म्हणून बोललो नाही. वर कुणी परका असता आणि घर डेलने विकलं असतं तर मला परत यायला जागाच उरली नसती, हे मला तोवर कळलंच नव्हतं. तू खोटं बोललीस म्हणून ते घर राहिलं.

आणि लगेच का परतलो नाही? ते भाषण. ती छत्री. झिगीची नक्कल. कुठल्या तोंडाने येणार होतो?

मनीऑर्डरी मी वटवलेल्या नाहीत. सगळ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, घेऊन येतोय, पोस्टातून पैसे परत घे. पण त्या कुठून येतात याचा विचार मी जानेवारीपर्यंत केला नाही, याची मला लाज वाटते. डॉक्टरांनी म्हणे तळलेलं बंद केलं! तुझे डॉक्टर दर शुक्रवारी आपल्या शेजारच्या टेबलावर स्वतः दोन तुकडे खातात, वरून बटाटे मागवतात. मी इथे नसलेला कर वाचवत बसलो आणि तू माझं भाडं भरायला शुक्रवारचा मासा सोडलास. याचं काय करायचं ते मला कळत नाही. आल्यावर तू मला चार शिव्या घाल, म्हणजे बरं वाटेल.

इथल्या घराचे कागद ईस्टरच्या आधल्या आठवड्यात होतील. गाडी चालवत येतो, सोमवारी सकाळी पोचेन. ईस्टरचा सोमवार, म्हणजे आपल्या लोकांचा एकमेकांवर पाणी ओतायचा सण आहे, हे माझ्या लक्षात आहे. लहानपणापासून त्या दिवशी मी तुला एकदाही कोरडं सोडलं नाही आणि तुला मला एकदाही भिजवता आलं नाही. यंदा तुझा गुडघा बघता मी तुला माफ करेन.

मिस्टर बुरेकना सांग, सामान आवरा.

तुझा,
चेस्टर

ता. क. फोन करणार होतो. नंबर लावलासुद्धा. मग वाटलं, रडायला येईल आणि झिगीला कळेल.


ईस्टरचा सोमवार
(वरच्या मजल्याच्या दाराला चिकटवलेली चिठ्ठी)

चेस्टर,

मिस्टर बुरेक आज पहाटे गेले. जाताना म्हणाले, मालकाचे बूट जिन्यात दिसले की मला निघायला हरकत नाही. जागा जशी होती तशी ठेवलीय त्यांनी, फक्त आरामखुर्चीची उशी थोडी दबलीय. त्याबद्दल तक्रार चालणार नाही.

नाव सुचत नव्हतं तेव्हा समोर भिंतीवर आपल्या दोघांचा आणि त्याचा फोटो होता. तू पहिल्या पत्रातच ओळखलंस हे मला तू पोस्टमनचं विचारलंस तेव्हाच कळलं. मग मीही गप्प बसले. तुला सोंग करू द्यायला मजा येत होती, आणि सोंग चालू होतं तोवर तुझी पत्रं तरी येत होती.

नवीन भाडेकरूसाठी नियम. नळ पाचलाच सोडायचा, उशीर चालणार नाही. बूट घालूनच चालायचं. अकॉर्डियन व्हरांड्यात, पाहिजे तितका वेळ. फावडं दाराशेजारी, त्याचा खिळा मी ठोकून ठेवलाय. स्टेक या घरात शिजणार नाही.

भाडं दर शुक्रवारी फायर हॉलमध्ये द्यायचं. दोन ताटं, आणि माझ्या ताटात दोन तुकडे. आधीच्या सगळ्या शुक्रवारांची थकबाकी आहे. झिगीला मी सांगून ठेवलंय की भाषणाची नक्कल केलीस तर मासा तुझ्या खिशात घालीन. पहिला आठवडा तरी करणार नाही म्हणालाय.

मी चर्चमध्ये गेलेय असं तुला शेजारणीने खाली सांगितलं असेल. तिला मीच तसं सांगायला लावलं. जिना चढायला मला बराच वेळ लागला आणि मधे एकदा बसावं लागलं, पण मी वर आलेय.

आता हे वाचून झालं असेल तर मागे वळू नकोस. बादली जड आहे, आणि मी आयुष्यभर वाट बघितलीय.

बर्निस